'डिप्रेस्ड' म्हणजे नेमके काय?



मध्यंतरी आम्ही तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याला एका नातलगाकडे मुक्कामाला होतो. घरातली बारावीची मुलगी दोन दिवस धड जेवली नव्हती. आईने खोदून विचारले तेव्हा म्हणाली, "मी डिप्रेस्ड आहो." ओसरीवरून तिचे आबाजी ताडकन बोलले, "हा शब्द आपल्या लोकायनं कवाच टाकला व पोरी, तू कायले उचलतं?" मुलगी बावरली. आम्हाला क्षणभर हसू आले, पण आपापल्या जागी दोघेही बरोबर होते. म्हणून या वेळी हेच विशेषण घेतले आहे.

'डिप्रेस' म्हणजे खाली दाबणे. शेवटी 'ड' लागला की विशेषण झाले: दाबला गेलेला. कोणी दाबले, हे मात्र शब्द सांगत नाही. तीच तर गोम आहे.

१९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले. सरकारी कागदांतही अस्पृश्यांचे नाव हेच. ऑगस्ट १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरलेल्या परिषदेच्या नावातही हाच शब्द होता. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, ४ नोव्हेंबर १९३१ च्या पुरवणी निवेदनात बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव बदला अशी मागणी केली. ते हीनपणा आणणारे व तुच्छतेचे आहे, हा त्यांचा आक्षेप. पर्यायही त्यांनीच दिले: 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू' किंवा 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू'. हक्कांसाठी एवढी झुंज चालू असताना एका विशेषणासाठी वेळ काढला, हे ध्यानात घ्या.

ते पर्याय रुजले नाहीत. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले. शेड्यूल म्हणजे यादी, म्हणून आपण 'अनुसूचित' म्हणतो. शब्द कोरडा, कचेरीतला. पण यादीत नाव असणे हा कोणाचा कमीपणा नव्हे. आम्हाला तो कोरडेपणाच बरा वाटतो. १९४२ साली नागपुरात फेडरेशन स्थापन झाले तेव्हा नावात 'शेड्यूल्ड' होते, आणि त्याच फेडरेशनतर्फे बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याच्या राखीव जागेवर उभे होते. ते हरले. आबाजी तेव्हा शाळेत जात होते. त्या पराभवाची गोष्ट निघाली की अजून त्यांचा आवाज बसतो.

आता रोजचा वापर. बातमी 'डिप्रेसिंग' असते, ती ऐकून माणूस 'डिप्रेस्ड' होतो. "आय ॲम डिप्रेसिंग" म्हणाल तर 'माझ्यामुळे लोक उदास होतात' असा अर्थ होईल! बाजारभाव पडलेले असले तरी 'डिप्रेस्ड'च म्हणतात. याच घराण्यातले नाम 'डिप्रेशन' हवामान खात्याच्या बातम्यांत येते. बंगालच्या उपसागरात ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वाऱ्याचे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की त्याला डिप्रेशन म्हणतात. ते इकडे सरकले की बांध्या भरतात, रोवणीला जोर येतो. सिहोऱ्याचा शेतकरी त्या डिप्रेशनची वाटच बघतो.

मुलीचा अर्थ मनाचा. एक-दोन दिवस उदास वाटणे वेगळे. पण दोन आठवडे मन खचलेलेच राहिले, झोप-भूक गेली, कशातच गोडी उरली नाही, तर तो आजार असू शकतो. त्याला औषधोपचार आहेत. "नाटकं करते" म्हणून पोरीला गप्प करू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येते.

रात्री आबाजी आपले ताट घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले. सराव परीक्षेत गणितात मार्क कमी पडले होते, ते तिने त्यांनाच सांगितले. मग अर्धी भाकर खाल्ली. आम्ही निघताना आईला दोन आठवड्यांचे पुन्हा बजावून आलो.

पुढच्या अंकी 'रिझर्व्ह्ड'. या शब्दाचे तुमचे अनुभव पोस्टकार्डावर कळवा.