पक्षाचा रंग आणि घरखर्चाचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठाच्या ग्राहक सर्वेक्षणात एक उलथापालथ झाली. रिपब्लिकन मतदारांना पुढचे दिवस एकाएकी चांगले दिसू लागले, तर डेमोक्रॅट मतदारांच्या आशेला ओहोटी लागली. पगार तेच होते, घरकर्जाचा हप्ता तोच होता आणि नवे अध्यक्ष शपथ घ्यायला अजून दोन महिने होते. २०१६ मध्ये हेच घडले होते. २०२० मध्ये बायडेन निवडून आल्यावर पारडी उलटी झाली. गंमतीचा भाग नव्हे, काळजीचा भाग हा की एकत्रित निर्देशांकात यातले फारसे काही दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ७०.५ होता, नोव्हेंबरमध्ये ७१.८. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, लोकांच्या मनात विशेष काही हलले नाही. प्रत्यक्षात निम्मा देश खचला होता आणि निम्मा हरखला होता.

हे सर्वेक्षण १९४६ पासून चालू आहे. ते उभे करणारे जॉर्ज कटोना यांचा सिद्धांत साधा होता: माणूस खर्च करतो तो ऐपत असते म्हणून, पण तेवढ्यानेच नव्हे, खर्च करण्याची इच्छाही लागते आणि ती मोजता येते. निर्देशांक पाच प्रश्नांवर उभा आहे. गेल्या वर्षीपेक्षा तुमच्या घरची स्थिती कशी आहे? वर्षभराने कशी असेल? देशाच्या उद्योगव्यवसायाला पुढचे वर्ष कसे जाईल? पुढची पाच वर्षे कशी जातील? आणि फ्रीज, टीव्ही, फर्निचर अशी घरातली मोठी खरेदी करायला हा काळ बरा आहे का? प्रश्न नीट वाचले की पक्ष कुठून आत शिरतो ते कळते. घरची स्थिती माणसाला पासबुकावरून कळते. देशाची पुढची पाच वर्षे मात्र कुणालाच माहीत नसतात. तिथे उत्तर देताना माणूस अंदाज सांगत नाही, आपली बाजू सांगतो. शेवटच्या प्रश्नातही मेख आहे. तो ‘तुम्ही फ्रीज घेणार का’ असे विचारत नाही, एकूण लोकांसाठी काळ बरा आहे का असे विचारतो. खर्चाचा बेत म्हणून आपण जे वाचतो, त्यात देशाच्या कारभाराबद्दलचा शेराही मिसळलेला असतो.

मग ही बाजू बोलणारी माणसे दुकानात काय करतात? अतिफ मियाँ, अमीर सूफी आणि नसीम खोशखू या अर्थतज्ज्ञांनी २००८ आणि २०१६ च्या निवडणुकांनंतरच्या खर्चाच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. अपेक्षा पक्षानुसार जोरात हलल्या होत्या, खर्च मात्र त्या दिशेने हलला नव्हता. म्हणून माझे म्हणणे असे की पक्षामुळे उत्तर बदलते, बाजारहाट सहसा बदलत नाही. याला विरोधी पुरावा आहे आणि तो टाळणे बरे नाही. ॲलन गर्बर आणि ग्रेगरी ह्यूबर यांनी २००९ मध्ये दाखवले होते की अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर काउंटीकाउंटीतला खर्च तिथल्या राजकीय कलाप्रमाणे वरखाली होतो. दुसरा आक्षेप त्याहून वजनदार आहे: पक्षनिष्ठा म्हणजे निव्वळ आंधळेपणा नव्हे. करकपातीची वाट पाहणाऱ्या व्यावसायिकाला आनंद व्हायला आणि २०२५ च्या सुरुवातीला नोकरकपातीच्या छायेतल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने हात आखडता घ्यायला सबळ कारण होते. हे मला मान्य आहे. पण अशी कारणे असलेली माणसे दोन्ही पक्षांत थोडी असतात, आणि निकालानंतर उडी मारणारे किंवा कोसळणारे मात्र जवळजवळ सगळेच. हा फरक व्यक्तिगत हितसंबंधांतून भरून निघत नाही.

खर्च हलत नसेल तर हा आकडा फेकून द्यावा, असे म्हणणारेही आहेत. ते मला अजिबात पटत नाही. जून २०२२ मध्ये निर्देशांक ५०.० वर आला, तोवरचा नीचांक. तेव्हा महागाई ९.१ टक्के होती आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलरपुढे गेले होते. महागाई वजा करूनही त्या वर्षी अमेरिकी कुटुंबांचा एकूण खर्च वाढला, म्हणून ती तक्रार राजकीय होती असे म्हणणे अन्यायाचे आहे. कामावर जायचे तर टाकी भरावीच लागते. खर्च केला याचा अर्थ सोसले नाही असा होत नाही.

शिवाय पाकीट हलले नाही तरी व्याजदर हलतात. १५ जून २०२२ रोजी अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने दर पाऊण टक्क्याने वाढवला, तेव्हा तिचे तत्कालीन अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी दिलेल्या कारणांत याच सर्वेक्षणातली दीर्घकालीन महागाईची अपेक्षा होती. प्राथमिक आकडा ३.३ टक्के होता, पुढे तो सुधारून ३.१ झाला. मार्च २०२५ मध्ये तीच अपेक्षा प्राथमिक आकड्यात ३.९ वर गेली, तेव्हा पॉवेल म्हणाले की हा आकडा इतर मोजमापांपासून वेगळा पडला आहे. एकाच प्रश्नाचे उत्तर एकदा कर्ज महाग करायला पुरेसे आणि एकदा बाजूला ठेवण्याजोगे ठरते, तेव्हा वाचणाऱ्याकडे पद्धत असायला हवी. माझ्या मते ती अशी: देशाबद्दलच्या उत्तरांपेक्षा घराबद्दलच्या उत्तरांना वजन द्यावे, पातळीपेक्षा बदल पाहावा आणि सर्वांत आधी अपक्ष मतदारांचा रकाना उघडावा. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणाच्या निष्कर्षांत अशी पक्षनिहाय फोड नसते. त्यामुळे आपल्याकडे तर एकूण अर्थस्थितीवरचे मत आणि स्वतःच्या घरचे उत्पन्न-खर्च ही उत्तरे वेगवेगळीच वाचायला हवीत.

मार्च २०२५ मधली महागाईच्या अपेक्षेतली ती वाढ प्रामुख्याने अपक्ष मतदारांमुळे झाली, असे सर्वेक्षणाच्या अहवालातच नोंदवले होते. आयातशुल्काची चर्चा ऐन भरात होती. भाव वाढणार असे म्हणणाऱ्या या लोकांना ना अध्यक्षांची बाजू राखायची होती ना विरोधकांची. त्यांचे उत्तर पक्षीय गोंगाट म्हणून मोडीत काढण्याचे काहीच कारण नव्हते.