चाकाची हवा कोणी पाहावी?

पूर्वी प्रवासात इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. आमचे मेहुणे तिथेच राहतात आणि घोड्यांऐवजी टायर बदलतात. त्यांचा एक लहान टेंपो आहे. तो सकाळी अंबरनाथवरून उल्हासनगरला जातो, तिथल्या फर्निचर बाजारातली कपाटे, सोफे भरतो आणि गिऱ्हाइकांच्या घरी पोचवतो. पावसाळा सरला की रस्त्यावर खड्डे उरतात, आणि त्या खड्ड्यांचा हिशेब शेवटी टायरलाच चुकवावा लागतो.

यंदा दसऱ्याला मेहुण्यांनी टेंपोसाठी एक नवी वस्तू घेतली. चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपणाच्या जागी बसवायची चार बोंडे! प्रत्येकात हवेचा दाब मोजणारे इवलेसे यंत्र आणि बटणाएवढा सेल. बोंड आपला आकडा ब्लूटूथवरून सोडते आणि मोबाइलमधले ॲप तो दाखवते.

मेहुणे म्हणाले, "भावोजी, मोबाइलवरचे बारीक अक्षर मला दिसत नाही. हेच घरच्या संगणकावर आणले तर? इकडे चहा घ्यावा, तिकडे चारी चाके डोळ्यांसमोर!"

त्यांच्या चिरंजीवांनी हे काम अंगावर घेतले. संगणकाच्या पोटात एक खोटा मोबाइल तयार करणारा प्रोग्रॅम मिळतो, तो त्यांनी बसवला. ॲप उघडले, चार चाकांचे चित्रही आले. पण आकडा काही येईना. दोन रात्री जागल्यावर कारण उमगले. त्या खोट्या मोबाइलला तोंड होते, पण कान नव्हते. ब्लूटूथ ऐकणारा कान संगणकाचा, आणि असले बहुतेक प्रोग्रॅम तो आतल्या मोबाइलला उसना देत नाहीत. विंडोज ११ मध्ये अँड्रॉइडची ॲपे चालवण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची सोय होती, तिचाही आधार ५ मार्च २०२५ पासून सुटला.

मग चिरंजीवांनी साधी युक्ती केली. ॲप खऱ्या मोबाइलवरच ठेवले आणि मोबाइलचा पडदा तेवढा संगणकावर उमटवला. ऐकायचे फोनने, संगणकाने फक्त आरसा व्हायचे. अंगणात टेंपो उभा होता. मागच्या चाकांत पन्नास-पन्नास पौंड, आकडे हरभऱ्याएवढे ठळक! मेहुणे धन्य झाले.

दुसऱ्या दिवशी टेंपो कामावर गेला. मेहुणे पडद्यासमोर चहा घेत बसले होते. आकडे अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवालयासारखे अढळ. एवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला : "शेठ, अंबरनाथला उभा आहे. मागचं डावं चाक बसलं."

मेहुण्यांनी पडद्याकडे पाहिले. पन्नास पौंड!

वाचकहो, खोटे कोणीच बोलले नव्हते. त्या बोंडाचा आवाज पोचतो दहा-वीस पावलांवर. टेंपो फाटकाबाहेर गेला आणि घरातल्या फोनला ऐकू येणे बंद झाले. ॲपने मात्र शेवटचा ऐकलेला आकडा जपून ठेवला. आकडा सकाळचा, हवा दुपारची! गर्दीमुळे टेंपो सावकाश चालला होता म्हणून निभावले. हवा कमी झालेला टायर कडेने जास्त दबतो, तापतो, आणि वर कपाटांचे ओझे व वेग असला म्हणजे फुटतो.

अमेरिकेत २००० साली हा प्रश्न ऐरणीवर आला. फायरस्टोन टायरांच्या अपघातांत शंभरावर माणसे दगावली आणि कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत, हवा ठरल्यापेक्षा शेकडा २५ ने उतरली की दिवा लागतो. पण तो दिवा लागतो कुठे? मालकाच्या टेबलावर नव्हे, चालवणाऱ्याच्या नाकासमोर. सगळे शहाणपण त्या जागेत आहे.

आता मेहुण्यांनी तो मोबाइल टेंपोतच, ड्रायव्हरसमोर बसवला आहे. धोक्याची घंटा वाजते ती त्याच्या कानाशी. स्वतः मेहुणे सकाळी टेंपो निघण्याआधी, चाके थंड असताना, चष्मा लावून साध्या गेजने हवा मोजतात. चाके धावून तापली की आकडा चार-सहा पौंड फुगतो आणि माणूस फसतो, हे ते आता मलाच शिकवतात.

परवा मी विचारले, "मग संगणकाचे काय केलेत?"

"चिरंजीव अभ्यास करतात त्यावर," मेहुणे म्हणाले. "निदान ते तरी म्हणतात तसे. त्याचा आकडा परीक्षेनंतरच कळेल!"

दसऱ्याला टेंपोला झेंडूचा हार घालतात तो वर्षातून एकदा. हवा मात्र रोज पाहावी लागते. दिवाळीत गावी निघाल तेव्हा फराळाचे डबे भरण्याआधी एकदा चाकांकडे वाकून पाहा, एवढेच मागणे.