भंगारातला ४५० मेगाहर्ट्झ

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. आत इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड निघाला, तर लॉटरीच! हा चिपसेट १९९८चा. त्याच वर्षीचा सेलेरॉन ३००ए त्यावर बसवून लोक बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करायचे. गुणक साडेचारचाच, त्यामुळे ३००चा प्रोसेसर थेट ४५० वर! कॅशे जेमतेम १२८ केबी, पण प्रोसेसरच्याच गतीने पळणारी. म्हणून तो महागड्या पेंटिअम टूला टक्कर द्यायचा. अर्थात प्रत्येक नग इतका पळेलच असं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

कारण मग मोजावं लागतं. आधी फुगलेले कपॅसिटर तपासा. एका वेळी एकच सेटिंग बदला, सुपर पाय तीनदा चालवा, वेळ वहीत लिहा. हँग झालं तर एक पायरी मागे या. व्होल्टेज वाढवायची घाई नको.

मोबाइलच्या जाहिरातीतले स्कोअर तोंडपाठ असणाऱ्यांनो, एक तरी आकडा स्वतः काढा. जर्नलमध्ये मित्राची रीडिंग्ज उतरवण्यापेक्षा हे अवघड आहे, मान्य. कॉलेजच्या लॅबमधल्या कपाटातही असे बोर्ड धूळ खात असतील. सरांना विचारा, नाही म्हणाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.