माळ्यावरची सरकी या मृगाला पेरा

मालेगाव, येवला, नांदगावकडच्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावर अजून मडके सापडू शकते. तोंडाला फडके बांधलेले, आत राख आणि राखेत देशी कपाशीची सरकी. घरचे अभिमानाने म्हणतात, आमच्याकडे जुने बी आहे. त्यांना हात जोडून एकच विचारतो: ते शेवटचे कधी पेरले होते?

ठेवलेले बी थोडे थोडे मरत असते. सरकीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तेल आणि तेल म्हटले की खवटपणा आला. हिवाळ्यात वेचलेल्या कापसाची सरकी नीट वाळवली तर पुढच्या मृगात जोमाने उगवते. खरा घात होतो तो पावसाळ्यात. हवा दमट झाली की बी सादळते, त्याचे श्वसन वाढते, तेलाचे विघटन होते, पेशींची आवरणे कमकुवत होतात. साध्या मडक्यात दोन पावसाळे काढलेल्या सरकीवर भरवसा ठेवता येत नाही.

आणि उगवणशक्तीच्या आधी जातो तो जोम. ओल्या गोणपाटात बी मोडावते, म्हणून आपण निश्चिंत होतो. शेतात मात्र त्याच बियाला ढेकूळ फोडून वर यायचे असते. म्हातारे बी चार दिवस उशिरा येते, काही मातीतच कुजते. मग नांगे भरत बसावे लागते. उगवलेली झाडे पुढे सावरतात, शेजारची जागा रिकामी असेल तर जास्त पसरतातही. पण कोरडवाहू रानात उशिरा आलेल्या झाडाची बोंडे भरण्याच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते. उत्पादन तिथे तुटते. प्रमाणित कपाशी बियाण्याला किमान 65 टक्के उगवण लागते, ती उगाच नाही.

कोणी म्हणेल, शीतगृहे आहेत की. आहेत, आणि त्यांचे मोल मोठे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत वाळवलेले बी उणे 18 अंशांवर ठेवतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडेही कपाशीच्या वाणांचा मोठा संग्रह आहे. बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान पाच अंशांनी उतरले की पुन्हा दुप्पट, हे त्यामागचे ढोबळ गणित. पण तिथेही ठरावीक काळाने उगवण तपासतात आणि ती घसरली की बी शेतात लावून ताजे करतात. शेतावाचून बियाण्याची सुटका नाही. शिवाय पेटीत झोपलेले बी आपला बदलता पाऊस बघत नाही, नवी कीड बघत नाही. ते काम फक्त रानातले बी करते.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातली जवळजवळ सगळी कपाशी देशी होती. 1970 नंतर संकरित वाण आले, 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि घरचे बी बघता बघता दुकानात गेले. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बीटी कपाशी पोखरली, तेव्हा घरात दुसरे बीच नव्हते. देशी कपाशीलाही बोंडअळी लागते, हे मान्य. पण पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी ती जास्त सोसते. धागा आखूड म्हणून तिला हिणवले, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण काढून दाखवले.

एक भीती मात्र सोडा. शेजारच्या बीटीमुळे आपले देशी बी बाटेल, असे अनेकांना वाटते. देशी कपाशीत 26 गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत 52. त्यांचा संकर सहजी होत नाही आणि झालाच तर झाड सहसा वांझ निघते. जपायचे ते दुसऱ्या देशी वाणापासून. उद्या उमलणाऱ्या कळीचे टोक आज संध्याकाळी दोऱ्याने बांधा आणि त्याच खुणेच्या बोंडांचे बी धरा.

शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. ती बँक चालते कारण बी दरवर्षी रानात जाऊन परत येते. कपाशीसाठी, आणि दोरखंडापुरती उरलेल्या अंबाडी-तागासाठीही, आपल्या जिल्ह्याने हेच करायला हवे. शेतकऱ्याला आपले बी जपण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा हक्क 2001 च्या कायद्याने दिलेला आहे.

तेव्हा मडके खाली काढा. शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि बारा दिवसांत किती उगवल्या ते मोजा. तीसच उगवल्या तरी फेकू नका, बी दाट टाका. शेणकाला चोळून, राखेत घोळून बांधाकडेची चार तासे पेरा. नवे बी सावलीत नीट वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मूठभर शेजाऱ्याला द्या. एका घरचे गेले तरी दुसऱ्या घरी राहील. मृग 7-8 जूनला लागतो. उगवण त्याआधी तपासून घ्या.