पाटी रंगवण्यापूर्वी



आयटीआय झालेला मुलगा पुण्यात भोसरीला चार-सहा वर्षे नोकरी करतो आणि एक दिवस म्हणतो, "आता स्वतःचं वर्कशॉप टाकतो." वडील जमिनीवर कर्ज काढतात, आई पाटल्या काढून देते. मग प्रश्न येतो नावाचा. कुणी कुलदैवताचे सुचवतो, कुणी आजोबांचे, तर कुणी नावाजलेल्या कारखान्याशी मिळतेजुळते. हे शेवटचे तेवढे करू नका. उसन्या नावावर नोटीस येते आणि पाटी, बिलबुके, शिक्के सारे वाया जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कारखान्याला घरचेच आडनाव दिले. लोखंडी नांगराने जमीन नासते असे तेव्हा शेतकरी म्हणत. नांगर शेतात चालला, तेव्हा नाव चालले. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. विहिरीवरच्या इंजिनाला त्याच नावाचा भरवसा मिळाला.

भागीदारीतले नाव मात्र जपून ठेवावे. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स कंपनी निघाली. दोघे वेगळे झाल्यावर १९९८ साली ती कमिन्स इंडिया झाली. मोठ्यांना नवी पाटी परवडते. आपल्या पोराला जुने गिऱ्हाईक पुन्हा जोडावे लागते. म्हणून दोघे भाऊ किंवा मित्र मिळून धंदा काढत असतील, तर वेगळे झाल्यास नाव कुणाकडे राहील हे पहिल्याच दिवशी करारात लिहा. शेताचे दोन तुकडे होतात, नावाचे होत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. नाव फोनवर एकदा सांगून समजेल असे सोपे ठेवा. उद्यम नोंदणी, जीएसटी आणि बँक खाते यांत त्याचे स्पेलिंग एकच असू द्या. दुसरे, कंपनी म्हणून नाव मंजूर झाले म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असे नव्हे. तो अर्ज निराळा. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवता येते. तेव्हा ते नाव आधी कुणी घेतलेले नाही ना, हे पाहूनच पेंटरला बोलवा.

बाकी आजोबांचे नाव द्या की देवाचे, माल मापात आणि वेळेवर गेला पाहिजे. नाहीतर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!