मनाची उलटी पट्टी



उलटी पट्टी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माल बाजारात घालायचा, भाडे, हमाली, तोलाई कापली जायची, आणि शेवटी ऐकायचे, ‘उलट तुम्हीच पदरचे द्या.’ माल गेला तो गेला, वर देणे अंगावर. अशीच एक पट्टी माणसाचे मनही त्याच्या हातात ठेवते. तिच्याविषयी आम्ही सभेत बोलत नाही. आज बोलतो.

मोरगाव घ्या. बारामती तालुका एकच. पण नीरा डाव्या कालव्याखाली ऊस, आणि मोरगाव-सुप्याकडे जिरायत. पाऊस दडी मारतो, ज्वारी करपते. शेतकरी ‘ज्वारी गेली’ एवढ्यावर थांबतो का? नाही. ‘माझ्याच्याने काहीच होत नाही. कालव्याकडच्यांचे बघा, आमचे बघा. लोक हसत असतील. पुढचे सालही असेच जाणार.’ फरक पाण्याचा होता. मनाने तो लायकीचा करून टाकला. वऱ्हाडात कापसाचा भाव पडतो तेव्हाही हेच. नुकसान शेतात, खाते माणसाच्या नावावर!

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात हेच मांडले. नैराश्याच्या आजारात विचार तीन बाजूंनी काळवंडतात: मी नालायक, जग माझ्यावर उठलेले, पुढे अंधार. असा माणूस पारावर जात नाही, बैठकीला येत नाही. काम पडून राहते. मग पडलेले काम बघून म्हणतो, ‘बघा, मी निकामीच!’ आरोपही त्याचा आणि पुरावाही त्याचाच.

कोणी म्हणेल, ‘म्हणजे दोष पुन्हा शेतकऱ्याच्याच डोक्याचा? भाव नको, उपदेश घ्या!’ तसे नाही. कर्ज खरे आहे, पडलेला भाव खरा आहे. विचार बदलून सातबारावरचा बोजा उतरत नाही. त्यासाठी लढावेच लागेल. पण सातबारावरचा बोजा माणसाच्या किमतीवर चढवायचा नाही. लढायला माणूस शिल्लक पाहिजे.

मग करायचे काय? व्यापाऱ्याची पट्टी ओळीओळीने तपासतो, तशी मनाची तपासा. ‘सगळे संपले’ म्हणता, तर काय संपले आणि काय उरले ते वहीत लिहा. हीच नापिकी शेजाऱ्याची झाली असती, तर त्याला नालायक म्हटले असते का? रोज एक लहान काम ठरवा आणि करा.

झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागत नाही, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरकडे जा. विचारांखेरीज आनुवंशिकता, शरीराचे दुखणे, दारू अशी कारणेही यामागे असतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे.

गावानेही काही करता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी बोलते केले. आधी नैराश्याच्या शंभर रोग्यांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात ते २७ झाले.

आम्हीही चुकलो आहोत. ‘मन घट्ट कर, मर्दासारखा उभा राहा,’ म्हणून किती जणांची तोंडे आम्ही बंद केली! आता सरळ विचारा, ‘जगणे नकोसे वाटते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

या बैठकीला कोण आले ते हजेरीवरून कळेल. नेहमी येणारा कोण आला नाही, तेही बघा. परतताना आधी त्याच्या घरी जा.