पडदा थांबत नाही

जून उजाडला की शाळांतून वार्षिक नियोजनाचे कागद तयार होऊ लागतात. शाळा जिल्हा परिषदेची असो वा खासगी अनुदानित, त्यात तंत्रज्ञानाच्या वापराचा विषय आता हमखास असतो आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी वापर करू, असे कोणी लिहीत नाही. टीव्ही आहे, तर डिजिटल पॅनल हवे. पॅनल आहे, तर टॅब हवेत. टॅब आले, की एआयवर चालणारे सरावाचे अ‍ॅप. हा उत्साह केवळ वरून लादलेला नाही. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर शिक्षकांनी गावोगाव लोकसहभागातून पैसे उभे केले, काहींनी पदरमोड करून प्रोजेक्टर घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडचा प्रयोग केला आणि पुढे असे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. या धडपडीला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. वाढ कशात व्हायला हवी हे ठरण्याआधी वाढ करायची एवढे ठरून गेले आहे.

तिसरीच्या वर्गात तीस मुले पॅनलसमोर बसली आहेत, धड्याचा व्हिडिओ सुरू आहे. मुले रमतात, मध्येच विचारलेल्या प्रश्नाला एका सुरात उत्तर देतात. जोडाक्षरापाशी अडणारा मुलगाही त्या सुरात सूर मिसळतो. तो अडला आहे, हे कोणालाच कळत नाही. व्हिडिओ थांबवता येतो, हे खरे. पण कधी थांबवायचा, हे कळायला शिक्षकाची नजर मुलांच्या चेहऱ्यांवर आणि वह्यांवर हवी. त्या वेळी बहुधा तीही पडद्याकडेच असते. फळ्यापाशी शिकवतानाही मुले मागे पडतात, याबद्दल वाद नाही. मात्र पडद्याने वर्ग इतका रंगतो, की मागे पडलेले मूल अधिकच झाकले जाते.

याबाबतचा पुरावा चाचपडत शोधावा लागत नाही. पेरू देशाने 2008 पासून मुलांना लॅपटॉप वाटण्याची प्रचंड मोहीम हाती घेतली. 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत मुलामागे एकाहून जास्त संगणक होते आणि त्यांचा वापरही खूप वाढला होता. गणित आणि भाषा या विषयांत मात्र फरक दिसला नाही. आपल्या नियोजनात वापर वाढवण्याचे जे उद्दिष्ट असते, ते पेरूने गाठले होते.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. 2015 मध्ये दिल्लीत शाळेनंतर चालणाऱ्या काही केंद्रांत सहावी ते नववीच्या मुलांना ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर देण्यात आले. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती झाली. कारण समजून घेण्यासारखे आहे. सहावीतले सरासरी मूल गणितात इयत्तेच्या सुमारे अडीच वर्षे मागे होते, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची पातळी तपासून तिथूनच सुरुवात करत होते. निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ लहान गटात माणसासोबत, अशी रचना होती. या केंद्रांत न आलेल्या मुलांपैकी अभ्यासात सर्वांत मागे असलेल्यांची त्याच काळात शाळेत जवळपास काहीच प्रगती झाली नव्हती. तंत्रज्ञान तिथे एकेका मुलासाठी थांबले. आपल्या वर्गातले पॅनल मात्र साऱ्या वर्गाला एकाच वेगाने पुढे नेते. दोन्हींना ‘डिजिटल शिक्षण’ म्हटले जाते आणि दिल्लीतले यश दाखवून पेरूसारखी खरेदी केली जाते.

मुलांच्या चुकांकडे जरा बारकाईने पाहू. 52 मधून 37 वजा करताना एखादी मुलगी 25 उत्तर काढते. वही तपासणाऱ्या बाईंना लगेच उमगते, की ही मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, दशक सुट्टे करणे तिला कळलेलेच नाही. चांगले सॉफ्टवेअरही ही चूक ओळखू शकते. पण बहुतेक अ‍ॅपच्या अहवालात उरतात ते नुसते गुण: दहापैकी चार. तपासणी यंत्राकडे सोपवली, की वेळ वाचतो आणि त्याबरोबर त्या मुलीच्या मनात काय चालले आहे हे कळण्याची वाटही बंद होते. एआयची साधने येतील तशी ही सोय अधिकच मोहात पाडेल. मला सर्वांत मोठा धोका इथे दिसतो.

वाचलेला वेळ तरी मुलांच्या वाट्याला येतो का? ऑनलाइन माहिती, लिंक, हजेरी, फोटो अपलोड करणे यांविरुद्ध राज्यातले शिक्षक वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक मोबाइलवर माहिती भरत बसला, की दुसऱ्याकडे चार इयत्ता येतात.

पैशाचे गणितही तितकेच कडू आहे. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेचे वार्षिक संयुक्त अनुदान 10 हजार रुपये आहे. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, खडू हे सारे त्यातच. बिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या राज्याला नव्या नाहीत. गावाने उत्साहाने दिलेले यंत्र बिघडले, तर दुरुस्तीसाठी पुन्हा गावापुढेच हात पसरावा लागतो.

आता साधने दिली नाहीत तर मुले काळाच्या मागे पडतील, असे सांगितले जाते. 2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्याच पाहणीत पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. फोन मुले शाळेविना शिकली. वाचायला मात्र कोणीतरी जवळ बसून शिकवावे लागते.

म्हणून यंदाच्या नियोजनात वाढ लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी आधी वेळ राखून ठेवावा. एका मुलाचे वाचन ऐकायला तीन मिनिटे धरली, तर तीस मुलांना दीड तास लागतो, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन तासिका. तेवढा वेळ बाजूला काढल्यावर जे साधन अडलेल्या मुलाला त्याच्या पातळीवर सराव देते, ते अवश्य आणावे. बाकीच्यांना यंदा नकार द्यावा. आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत किती वर्ग डिजिटल झाले हे विचारले जाईल, तेव्हा कोणत्या मुलांना जूनमध्ये वाचता येत नव्हते आणि दिवाळीपर्यंत यायला लागले, त्यांची यादी पुढे ठेवावी. ती यादी मागण्याची सवय केंद्रप्रमुखांनाही लागायला हवी.